बेहड्याची पोरं : देवराईतल्या एका वर्षाच्या प्रकल्प नोंदी

17 जून 2023

काल संध्याकाळी गावात पोचले. पाऊस 11 तारखेला रत्नागिरीत आला आणि तिथेच अडून बसला. बिपरजॉय वादळाने सगळी ओल गुजरातकडे ओढून नेली, असं जो तो म्हणतोय. भाताची दाढ (रोपांसाठीची पेरणी) टाकून लोक आभाळाकडे डोळे लावून आहेत.

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचा माझा प्रबंध इथल्या देवराईवर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानावर आहे. गाव संगमेश्वर तालुक्यातलं. नाव या वहीत कुठेही लिहिणार नाही, कारण देवराईतल्या एका बेहड्याच्या झाडात दरवर्षी गरुड घरटं करतो असं गुरवकाका सांगतात. इकडे महाधनेशाला गरुडच म्हणतात. घरट्याचा पत्ता एकदा बाहेर फुटला की कॅमेरे घेऊन माणसं येतात आणि मादी लिंपलेल्या ढोलीत कोंडलेली असताना तिला भरवणाऱ्या नराचं येणं-जाणं बिघडवतात.

प्रश्न साधा ठेवलाय : देवराईतल्या मोठ्या झाडांमागून त्यांची पुढची पिढी येते आहे का? माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हापासून देवराया किती आहेत, कुठे आहेत, त्यांत कोणती झाडं आहेत यावर पुष्कळ काम झालंय. झाडाखालच्या रोपांचं पुढे काय होतं, हे बघायला मात्र एकाच जागी वर्षभर राहावं लागतं. म्हणून खोली घेतली आहे. घर आजींचं, त्यांचे मुलगे मुंबईला. पडवीत माझं टेबल, वर चाळीसचा दिवा.

20 जून 2023

देवराईची हद्द चालून घेतली. तीन बाजूंनी गडगा (दगडी बांध), चौथ्या बाजूला पऱ्या (ओढा). आत शिरल्यावर पहिल्यांदा गारवा जाणवतो, मग वास : कुजलेल्या पानांचा आणि वटवाघळांचा. देऊळ देवराईच्या पूर्व अंगाला आहे, जुनं, चिऱ्याचं, कौलारू. तिथपर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, जाते. देवळामागे जमीन उतरत पऱ्यापर्यंत जाते आणि तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

देवळाकडची बाजू आणि पऱ्याकडची बाजू, असे दोन भाग करून प्रत्येकात 10 बाय 10 मीटरचे दहा-दहा प्लॉट आखायचे. गडग्यापलीकडच्या मालकी रानात तुलनेसाठी वीस. झाडांचा घेर 1.3 मीटर उंचीवर मोजायचा. बुंध्याला पाख्या (बाहेर आलेले आधाराचे पडदे) असतील तर त्यांच्या वर. जीपीएस दाट सावलीत भरकटतो, म्हणून कोपऱ्याचे खुंट सुंभाने बांधून गडग्यापासूनची अंतरं टेपने लिहून ठेवली.

2 जुलै 2023

पाऊस लागला आणि चार दिवसांत जमिनीचा रंग पालटला.

बेहड्याचं बी रुजताना आज पहिल्यांदा नीट पाहिलं. दगडासारखी कठीण कोय, गेल्या हिवाळ्यात पडलेली, पानांच्या थराखाली काळी झालेली. ती एका शिवणीवर उकलते. आधी पांढरट मूळ वाकडं होऊन मातीत घुसतं, मग दांडा कमान करून उठतो आणि कोयीची टोपी डोक्यावर घेऊनच वर येतो. टोपी गळली की आतून दोन रुंद दलं उलगडतात, घडी केलेल्या कागदासारखी, घड्यांच्या रेषा अजून दिसत असतात. मी एकाच रोपापाशी पाऊण तास बसले होते. दहा रोपांची मापं राहिली ती उद्या घेईन.

कोयी सगळ्याच रुजत नाहीत. अर्ध्याहून जास्त फोडलेल्या सापडतात. काहींना बारीक गोल भोक, ते किड्याचं. काही दातांनी कोरलेल्या, त्या उंदरांच्या नाहीतर साळिंदराच्या. आजी म्हणाल्या, लहानपणी त्याही बेहडे फोडून आतला गर खायच्या, आणि जास्त खाल्ले की गुंगी यायची. हिरडा-आवळ्याबरोबर त्रिफळ्यात बसणारं हे फळ, पण झाडाच्या वाट्याला फारशी माया आलेली नाही. बेहड्यात भूत राहतं म्हणून घराला त्याचं लाकूड वापरत नाहीत. त्या भीतीनेच ही झाडं कुऱ्हाडीपासून वाचली असावीत, असं मला वाटतं.

16 जुलै 2023

टॅग लावून संपले. अॅल्युमिनिअमच्या पट्टीवर खिळ्याने नंबर ठोकायचा, तारेची काडी रोपाच्या बुडाशी रोवायची, पट्टी रोपाला बांधायची नाही. देवळाकडे 118, पऱ्याकडे 94. एकूण 212 बेहडे. बाकीच्या जातींची नुसती मोजदाद.

पेनाने लिहिलेलं पान भिजून गेलं. यापुढे फक्त पेन्सिल.

30 ऑगस्ट 2023

महिनाभर पाऊस जवळजवळ नाहीच. देशभरात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरतोय. कोकणात ऑगस्टमध्ये पायाखाली वाळकं पान करकरतंय हे आजींनाही नवीन आहे.

तिसरी मोजणी : देवळाकडे 118 पैकी 83 जिवंत, पऱ्याकडे 94 पैकी 71. मेलेल्यांत बरीच अशी की पानं जागेवरच सुकली आहेत, दांडा उभा. म्हणजे तहानेनेच गेली. पऱ्याजवळ ओल टिकते, तरी दोन्ही बाजूंमधला फरक मला वाटला होता त्यापेक्षा कमी आहे.

13 सप्टेंबर 2023

झाडांच्या घेरांचे आकडे मांडून माझ्या मार्गदर्शक मॅडमना पाठवले. आज फोनवर तासभर बोलणं झालं.

देवराईतले बेहडे : दोन मीटरहून जास्त घेराचे 11. एक ते दोन मीटरमधले 5. तीस सेंटिमीटर ते एक मीटरमधला 1. आणि गुडघ्याच्या वर पोचलेलं, पण तीस सेंटिमीटरच्या आतलं, एकही नाही. यंदाची कोवळी रोपं ढिगाने, म्हातारी झाडं डझनभर, मधलं घर रिकामं. किंजळ आणि ऐनाचंही थोडंफार असंच. अंजनीचं तसं नाही. ती सावलीतच वाढते आणि तिच्या सगळ्या वयाच्या पिढ्या दिसतात.

मालकी रानात नेमकं उलटं. तिथे बारीक खोडं इतकी की चालायला वाट नाही, आणि मीटरभर घेराचं झाड दाखवायला मिळत नाही. दर काही वर्षांनी तोड होते, बुंध्यातून फुटवे येतात, पुन्हा तोड.

मॅडमचा पहिलाच प्रश्न : “देवराई एकच, रान एकच. प्लॉट वीस असले तरी तुझं सॅम्पल एक आहे, हे तुला कळतंय ना?” कळत होतं, पण मी ते पुढे ढकलत होते. हिवाळ्यात शेजारच्या आणखी दोन देवराया घ्यायच्या असं ठरलं.

14 ऑक्टोबर 2023

आज सर्वपित्री. उद्या घट बसणार. सकाळी मोजणीसाठी निघाले तेव्हा गडग्याजवळ पोचण्याआधीच इंजिनाचा आवाज ऐकू आला.

देवळाभोवतीची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची साफसफाई, चालू होती. तीन मुलगे, खांद्यावर पेट्रोलचे ग्रासकटर. नवरात्रासाठी मुंबईहून सुट्टी काढून आलेले, पहाटेपासून राबत होते. पाखाडीच्या दोन्ही अंगांनी, देवळामागे, प्लॉट एक ते नऊ, सगळं पायाच्या घोट्याएवढं सपाट. कापलेल्या हिरव्या पाल्याचा वास पसरला होता. माझे खुंट त्यांनी जपून बाजूला काढून देवळाच्या ओट्यावर रचून ठेवले होते, सुंभाची गुंडाळी करून. “ताई, तुमचं सामान ठेवलंय हां,” त्यांतला एक म्हणाला.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. चार महिने मी रोज त्या वाटेने गेले, आजींना सांगितलं, गुरवकाकांना सांगितलं, पण घटाच्या आधी बेणणी होते हे मी कोणाला विचारलं नाही आणि माझी रोपं कुठे आहेत हे वाडीच्या बैठकीत मांडलं नाही.

दुपारनंतर गुडघ्यांवर बसून टॅग शोधले. तारेच्या काड्या बऱ्याचशा जागेवर होत्या, काही दोरीच्या झपाट्याने वाकलेल्या. त्यांच्या शेजारी दोन-तीन बोटं उंचीचे थुट. कोयतीने कापलं तर दांडा तिरपा आणि स्वच्छ कापला जातो. मशीनची नायलॉनची दोरी तो चेचते. टोकाला धागे सुटतात, साल खालपर्यंत सोलली जाते. थुटाला बोट लावलं तर ओलसर चिकट लागत होतं.

देवळाकडच्या 83 पैकी शाबूत 6, कापलेली 70, सापडलीच नाहीत 7. पऱ्याकडे, जिथे मशीन गेलं नाही, तिथे 71 पैकी 64 जिवंत.

कोरड्या ऑगस्टने देवळाकडची 35 नेली होती. एका सकाळने त्याच्या दुप्पट.

17 ऑक्टोबर 2023

घट बसल्यामुळे गुरवकाकांना आज दुपारीच वेळ मिळाला. खळ्यात बसून बोललो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बेणणी त्यांच्या आजोबांच्या काळापासून आहे. पण तेव्हा घरटी एक माणूस कोयती घेऊन यायचा, आणि हातात कोयती असली की खाली काय आहे ते दिसतं. आंब्याचं, फणसाचं, बेहड्याचं रोप कोणी कापत नसे, वळसा घालून पुढे जात. आता गावात माणसं नाहीत. मशीन सात-आठ वर्षांपूर्वी आलं. तीन पोरं एका दिवसात आटपतात, नाहीतर आठवडा लागला असता.

“मशीनला काय दिसतं बाय? त्याला गवात नि झाड सारखंच.”

आजी जवळच तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “देवाच्या झाडाची सुकी फांदी पण आपण चुलीला नेत नाय. मग त्याची पोरं कशी कापली?”

गुरवकाका बराच वेळ गप्प बसले. त्यांना वाईट वाटलं ते मला दिसलं, आणि आजींनी माझ्यादेखत हे बोलायला नको होतं असंही वाटलं. पण वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. देवराईचा नियम नेण्याबद्दल आहे : इथून काही न्यायचं नाही. साफसफाईत काही नेलं जात नाही, म्हणून नियम मोडला असं कोणाच्या मनातही येत नाही.

18 ऑक्टोबर 2023

मॅडमशी बोलले. मशीनवर सगळं ढकलता येणार नाही. तीस सेंटिमीटर ते मीटरभर घेराचा बेहडा म्हणजे काही सात-आठ वर्षांचं झाड नव्हे, तो कितीतरी आधी रुजलेला असणार. मधलं घर मशीन यायच्या आधीपासून रिकामं आहे.

गुरवकाकांना पुन्हा विचारलं. पूर्वी चैत्र-वैशाखात गावची गुरं दुपारी देवराईतच बसायची; पऱ्याच्या डोहाला पाणी आणि वर सावली. “शंभरेक व्हती. आता मोजून अकरा.” म्हणजे आधी गुरं, नंतर मशीन. आणि तिसरी गोष्ट प्रकाशाची. बेहड्याला ऊन लागतं. डेन्सिओमीटरवर (डोक्यावरचं पानांचं झाकण मोजायचं साधन) बहुतेक प्लॉटांत झाकण इतकं गच्च आहे की जगलेलं रोपही वीतभर राहून वर्षा-दोन वर्षांत संपत असेल. तीन कारणं एकमेकांत गुंतलेली. ती सुटी करायला एक वर्ष पुरायचं नाही, पण निदान एकाचं मोजमाप माझ्या हाती नकळत आलंय.

5 नोव्हेंबर 2023

आजची नोंद लांब होणार.

देवळाच्या उत्तरेला एक रायवळ आंबा आडवा पडला आहे. मे 2021 च्या तौक्ते वादळात उन्मळला. खोड माझ्या खांद्याला लागेल एवढं जाड, लांबी टेपने 19 मीटर. पडला तेव्हा लाकूड विकून देवळाचं छप्पर करावं असं काही जणांच्या मनात होतं. देवाला कौल लावला, उजवा मिळाला नाही, झाड तिथेच राहिलं. मी जूनपासून त्याला वळसा घालून जाते आहे. पलीकडे रानमोडीचं तण माजलं आहे म्हणून प्लॉट आखताना तो तुकडा मी सोडून दिला होता.

आज रानमोडीचे झुबके फुलायला लागलेत का बघायला खोडावर चढले आणि पलीकडे उतरले.

आंबा पडल्यामुळे वर आभाळाचा तुकडा उघडला आहे, दुपारी दोन-अडीच तास थेट ऊन येतं. रानमोडी आहे, पण खोडाला लागून दोन-तीन हातांच्या पट्ट्यात ती विरळ आहे; तिथे सालीचा भुगा, कुजलेल्या फांद्या आणि अळंब्या. आणि त्या पट्ट्यात बेहडे. पहिला दिसला तो माझ्या कमरेएवढा. पानं फांदीच्या टोकाशी गर्दी करून आलेली, बेहड्याची ठेवणच ती. मग दुसरा, तिसरा. रानमोडी हातांनी बाजूला सारत सगळी कड तपासली : नऊ बेहडे, गुडघ्यापासून कमरेपर्यंतचे. शिवाय दोन सातवीण आणि एक चांदकुडा. देवराईत गेले पाच महिने जे घर मला रिकामं दिसत होतं, ते तिथे वसलं होतं.

कारण समोर आडवं पडलेलं. मशीन खांद्यावर घेऊन त्या खोडावरून कोणी जात नाही. गुरं जात नाहीत. ऊन आहे. लाकूड नेलं असतं तर ओढून काढताना जमीन खरवडली गेली असती आणि पुढच्या आश्विनात मशीन आलं असतं. देवाने लाकूड दिलं नाही, हे गावातल्या माणसांचं वाक्य मी ऐकलं होतं. त्याचा अर्थ आज मापात मिळाला.

नऊही बेहड्यांना टॅग लावले, 213 ते 221. एक गोष्ट लगेच लिहून ठेवते : ही जागा मी शोधत गेले नव्हते, सापडली. म्हणून हे आकडे प्लॉटांच्या आकड्यांत मिसळायचे नाहीत, वेगळे ठेवायचे.

परतताना कापलेले थुट पाहिले. 70 पैकी 19 बुडातून फुटलेत. एकेक लालसर कोंब, तांदळाएवढा.

13 डिसेंबर 2023

आज देवदिवाळी. गाव भरलेलं. मानकऱ्यांनी बैठकीत मला दहा मिनिटं दिली. तक्ते नेले नाहीत. तीन गोष्टी नेल्या : चेचलेला सुकलेला दांडा, कोयतीने कापलेला दांडा, आणि पडलेल्या आंब्यामागच्या बेहड्यांचा मोबाइलवरचा फोटो.

प्रश्न रोखठोक आले. एका काकूंनी विचारलं, रान वाढू दिलं आणि फुरसं, विषारी साप, निघालं तर? शिमग्याला पालखीबरोबर अनवाणी पोरं असतात. हे खरंच आहे, आणि माझ्याकडे त्याला पुस्तकातलं उत्तर नव्हतं. एक आजोबा म्हणाले, मशीनचे पैसे गावाचं मुंबई मंडळ देतं, कोयतीची माणसं कोण देणार? तासभर चाललं. शेवटी त्यांनीच ठरवलं : पाखाडी, खळं आणि देवळाभोवती पंधरा हात मशीन चालेल. त्यापलीकडे शिमग्याआधी एक दिवस सगळ्या वाड्यांनी कोयत्या घेऊन यायचं. ज्या रोपाशेजारी बांबूची काठी आणि लाल चिंधी असेल त्याला हात लावायचा नाही. काठ्या रोवायचं काम माझं आणि शाळेतल्या मुलांचं.

गुरवकाकांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. त्यात बेहड्याच्या पोरांचं नाव घेतलं.

21 जानेवारी 2024

दुसऱ्या दोन देवरायांतले प्लॉट आटपले. एकीत देवळाचा जीर्णोद्धार झालाय : सिमेंटचा मंडप, भोवती पेव्हर ब्लॉक, मंडपावर पानं पडतात म्हणून दोन मोठ्या झाडांच्या फांद्या उतरवलेल्या. तिथे बेहड्याची यंदाची रोपंसुद्धा जेमतेम. दुसरी लहान, वाटेपासून आडबाजूला, तिच्यात देऊळ म्हणजे झाडाखाली चार दगड. तिच्यात मात्र मधल्या घेराचे चार बेहडे मिळाले.

मालकी रानात कवळ तोडायचं काम जोरात आहे. ऐन-किंजळीच्या फांद्या उतरवून भारे रचतात, मार्च-एप्रिलात शेतात पसरून राब भाजायला. एका ऐनाला फांदी अशी उरलीच नव्हती, नुसता खांब आणि शेंड्याला झुबका. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याचं जंगल फार थोडं; रान आहे ते बहुतेक लोकांच्या सातबाऱ्यावर. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यादीत गेले. घाटाखालच्या या तुकड्यांना असं कुठलंच छत्र नाही. त्यांना आहे तो देव, आणि गावातली माणसं.

18 फेब्रुवारी 2024

गरुड आला.

पऱ्याच्या पलीकडे दरडीवर फांद्यांचा आडोसा करून पहाटे साडेपाचला बसले. गुरवकाकांनी जागा दाखवली आणि बजावलं : रंगीत कपडे नको, उठबस नको, नर येऊन गेल्याशिवाय हलायचं नाही. ढोलीपासून अंतर साठ मीटर तरी असेल.

सात वाजून दहा मिनिटांनी आधी आवाज. पंखांचा आवाज इतक्या लांबून येतो हे वाचलं होतं, पण तो कानाला पक्ष्याचा वाटत नाही. कोणी तरी भात्याने वारा घालतंय असं वाटतं. नर समोरच्या सातवीणीवर उतरला, पाच-सहा मिनिटं नुसता बसून राहिला, मान वळवून चारी दिशा न्याहाळल्या. मग बेहड्याच्या खोडाला येऊन बिलगला. ढोलीचं तोंड लिंपून बंद, मध्ये फक्त उभी फट. त्या फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर. नराने गळ्यातून एकेक फळ वर आणलं, चोचीच्या टोकात धरलं आणि आत दिलं. मी सोळा मोजली, मग मोजायचं विसरले.

दुपारी नर लांब गेल्यावर खाली जाऊन विष्ठेचा आणि बियांचा ढीग पाहिला. हात न लावता, फक्त फोटो : वड-उंबराच्या कुळातल्या बारीक बिया अगणित, काजऱ्याच्या चपट्या गोल चकत्या. दोन-तीन प्रकार ओळखता आले नाहीत. काजरा माणसाला विष आणि धनेशाला चालतो. ते फळ खाऊन बी लांब नेऊन टाकणारे फार थोडे.

या बेहड्याचा घेर 4 मीटर 30. ढोली गरुड स्वतः कोरत नाही. जुनी फांदी मोडते, आतलं लाकूड कुजतं, पोकळी वाढत जाते, आणि त्यात एवढी मोठी मादी पिल्लासकट मावेल इतकी होईपर्यंत माणसांच्या कितीतरी पिढ्या जातात. देवराईत असे बेहडे अकरा. ढोली झालेला हा एक. तो पडला तर पुढचा कोण, हे विचारायला मी जूनमध्ये इथे आले होते; आज समोर बसून तो आकडा पहिल्यांदा अंगावर आला.

22 मार्च 2024

परवा होळी. काल कोयतीची बेणणी झाली. एकतीस माणसं आली; नऊ बायका, शाळेची मुलं वेगळी. मशीन ठरल्याप्रमाणे पंधरा हातांत फिरलं. एका जागी पुढे गेलं, तर काकूंनीच आरडून थांबवलं, ज्यांनी डिसेंबरात फुरशाचं विचारलं होतं त्यांनी.

काठ्या 25 होत्या : शाबूत 6 आणि फुटवे आलेली 19. आज 22 उभी. पऱ्याकडे 41.

वाळकी पानं झाडून जाळायची पद्धत मात्र तशीच राहिली. मी डिसेंबरात पानांचा विषय काढलाच नव्हता. ढिगांची जागा यंदा गडग्याजवळ घेतली, एवढंच. पानांचा थर गेला की कोयी उघड्या पडतात आणि ओल जाते. हे पुढच्या वर्षीच्या कामात.

28 एप्रिल 2024

प्रबंधाचं लेखन. जगण्याचे आलेख दोन्ही बाजूंचे वेगळे काढले : देवळाकडची रेघ ऑक्टोबरात कड्यावरून पडल्यासारखी खाली येते, पऱ्याकडची सावकाश उतरते. मॅडमनी “देवराई पुनरुज्जीवन थांबलं आहे” हे माझं वाक्य खोडलं. तीन देवराया, एक वर्ष, एक जात, तेही विचित्र पावसाचं वर्ष. त्याऐवजी आता असं लिहिलंय : पाहिलेल्या तीन देवरायांत बेहड्याच्या मधल्या वयाची झाडं फार कमी आहेत, एका देवराईच्या देवळाकडच्या बाजूला रोपांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं एकच कारण यांत्रिक बेणणी होतं, आणि जिथे पडलेलं झाड हलवलं नाही तिथे रोपं कमरेपर्यंत आली. हे वाक्य लांब आहे, पण याच्या प्रत्येक शब्दामागे वहीचं पान आहे.

26 मे 2024

शेवटची मोजणी. देवळाकडे 13, पऱ्याकडे 33, पडलेल्या आंब्यामागे नऊच्या नऊ. सर्वांत उंच टॅग क्र. 217, माझ्या छातीला लागतो.

23 जून 2024

तोंडी परीक्षा झाली. आज प्रबंधाची मराठी प्रत द्यायला आले. बत्तीस पानं, अक्षर मोठं. पाऊस सुरू आहे, पुन्हा दलं उघडताहेत.

गुरवकाकांनी चष्मा लावून झाडांची यादी वाचायला घेतली. प्लॉटवार, एकेक नाव बोट ठेवून. चौदाव्या प्लॉटपाशी थांबले. “हितं पायर लिवलंस. ती पायर नाय बाय, पिंपरी ती.” मी म्हटलं, पान लांब देठाचं होतं. ते म्हणाले, चल.

इरलं त्यांनी घेतलं, छत्री मी. झाड उंच, फांद्या वर कुठेतरी हरवलेल्या, म्हणून जुलैत मी गळलेल्या पानांवरून नाव लिहिलं होतं. आज ओली पानं गोळा केली. देठ लांब आहे, पण पानाचा बुडखा पिंपळासारखा बदामी नाही, गोलसर आहे. पायरीची पानं गडग्याजवळच्या झाडाखालून आणून शेजारी ठेवली. काका बरोबर होते.

मॅडमना फोटो आणि दुरुस्ती पाठवली. मराठी प्रतीत पेन्सिलीने बदल केला : प्लॉट 14, झाड क्र. 6, पिंपरी, घेर 2 मीटर 12.